सोशल मीडियावरून खरी सवलत कशी ओळखावी आणि तक्रार तडीस कशी न्यावी?

चौकस

दोन कामांसाठी सोशल मीडिया नीट वापरायचा आहे. दोन्हींबद्दल सल्ले खूप दिसतात, पण नेमके टप्पे सांगणारं फारसं सापडत नाही.

पहिलं काम सवलतींचं. टेलिग्रामची चॅनेलं, फेसबुकचे ग्रुप, इन्स्टाग्रामवरची खाती, रेडिट, सगळीकडे दिवसभर ‘स्टॉक संपत आलाय’ छापाच्या पोस्टचा मारा चालू असतो. यातली खरी सवलत कशी वेगळी काढायची? लिंक उघडण्याआधी काय तपासायचं?

दुसरं काम ग्राहक सेवेचं. हेल्पलाइनवर दाद मिळाली नाही की लोक एक्सवर (पूर्वीचं ट्विटर) किंवा फेसबुकवर कंपनीला टॅग करतात. लगेच ‘डीएम करा’ (खासगी मेसेज पाठवा) असं उत्तर येतं आणि पुढे गाडं अडतं. शिवाय त्याच नावाची आणखी तीन-चार खाती ‘आम्ही मदत करतो’ म्हणत हजर होतात. सार्वजनिक पोस्टमध्ये काय लिहावं, काय टाळावं, आणि खरं खातं कोणतं हे कसं ठरवावं? ज्यांना यातलं आतून माहीत आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

किंमतवही

सवलतींबद्दल लिहितो, तक्रारींचं इतरांवर सोडतो.

सवलत खरी की दिखाऊ हे पोस्ट वाचून कळत नाही, किमतीचा इतिहास पाहून कळतं. ‘४० टक्के सूट’ हा आकडा दुकानाने दाखवलेल्या ‘मूळ’ किमतीवरचा असतो आणि ती मूळ किंमत दुकानच ठरवतं. एरवी १०० ला मिळणारी वस्तू सेलच्या आधी १४० ला नेली आणि त्यावर ४० टक्के कमी केले की ती ८४ ला पडते. म्हणजे खरी सूट १६ टक्के. १६ टक्केही काही वाईट नाहीत, पण ४० समजून नको ती वस्तू घेतली जाते, तो खरा तोटा.

ॲमेझॉनवरच्या वस्तूंसाठी कीपा आणि, ज्या देशांत चालते तिथे, कॅमलकॅमलकॅमल या दोन सेवा जुन्या किमतींचा आलेख दाखवतात. आलेख उघडल्यावर आधी गेल्या ९० दिवसांतली सर्वांत कमी किंमत बघा. मग सेलच्या दोन-तीन आठवडे आधी रेषा वर चढली आहे का ते पाहा. आणि रेषा कोणाची आहे हे विसरू नका: कीपामध्ये खुद्द ॲमेझॉनची किंमत, सगळ्या विक्रेत्यांची नवी वस्तू आणि वापरलेली वस्तू यांच्या रेषा वेगवेगळ्या असतात. कोणा भलत्याच विक्रेत्याने एक दिवस लावलेल्या किमतीला ‘नीचांक’ समजलं की हिशेब चुकतो.

टक्केवारीची बेरीज हा दुसरा सापळा. २० टक्के सूट आणि त्यावर १० टक्क्यांचं कूपन म्हणजे ३० टक्के नव्हे, २८ टक्के, कारण कूपन उरलेल्या ८० वर लागतं. त्याहून मोठा फरक ‘कमाल मर्यादे’ने पडतो. ‘१० टक्के कॅशबॅक, कमाल ५०’ ही अट १००० च्या खरेदीवर पाच टक्केच देते. पोस्टमध्ये पहिला अर्धा भाग ठळक असतो आणि दुसरा गाळलेला असतो. म्हणून कूपनच्या अटींत किमान खरेदी, कमाल सूट, फक्त नव्या ग्राहकाला आहे का, ठरावीक कार्डावरच आहे का, आणि पैसे लगेच कमी होतात की नंतर पाकिटात जमा होतात, एवढं वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. नंतर जमा होणाऱ्या कॅशबॅकला बहुधा मुदत असते. ती संपली की सूट शून्य.

आता चॅनेलांबद्दल एक गोष्ट, जी समजली की बाकीचं आपोआप समजतं. डील टाकणाऱ्याला लिंकमागे कमिशन मिळतं. त्यात गैर काही नाही, तुमची किंमत त्याने वाढत नाही. पण ॲमेझॉनच्या कमिशन योजनेत लिंक दाबल्यापासून २४ तासांत तुम्ही दुसरंच काही घेतलंत तरी कमिशन त्याच्या खात्यात जाऊ शकतं. म्हणजे त्याचा फायदा तुम्ही लिंक दाबण्यात आहे, ती विशिष्ट वस्तू स्वस्त असण्यात नाही. दिवसाला दोनशे पोस्ट का पडतात याचं उत्तर हेच.

त्यामुळे चांगलं चॅनेल ओळखायची माझी कसोटी साधी आहे: संपलेल्या डीलवर ‘संपली’ अशी दुरुस्ती केली जाते का, विक्रेत्याचं नाव आणि अटी लिहिलेल्या असतात का, आणि ‘याआधी किती होती’ हे सांगितलं जातं का. तिन्हींचं उत्तर नाही असेल तर चॅनेल सोडून द्या.

शोधायची पद्धतही उलटी करा. फीड चाळत बसून डील सापडत नाही, नको त्या वस्तू सापडतात. हवी असलेली वस्तू आधी ठरवा, तिचा मॉडेल क्रमांक घ्या आणि तो जसाच्या तसा शोधा. नावाने शोधलं तर मागच्या वर्षीचं, कमी मेमरीचं, वेगळ्या आवृत्तीचं मॉडेल हाती लागतं आणि ते स्वस्त दिसतं. रेडिटवर ‘न्यू’ हा क्रम लावा, ‘हॉट’ नको. मतं मिळून वर येईपर्यंत साठा संपलेला असतो. एक्सवर शोधल्यावर ‘टॉप’ऐवजी ‘लेटेस्ट’ टॅबवर जा. आणि किंमत-इतिहासाच्या सेवेत हवा तो आकडा टाकून इशारा लावून ठेवा. किंमत तिथवर उतरली की मेल येतो, चॅनेलची घंटी चालू ठेवायची गरज राहत नाही.

‘किंमत चुकून पडली आहे, पटकन घ्या’ अशा पोस्टबद्दल: अशी ऑर्डर दुकानं बहुतेक वेळा रद्द करतात, आणि तसा अधिकार त्यांनी अटींत ठेवलेला असतो. पैसे परत येतात पण काही दिवस अडकतात. तेवढे दिवस ते पैसे लागणार नसतील तरच करून पाहा.

निळी पेन्सिल

किंमतवही यांच्याशी पूर्ण सहमत. लिंकबद्दल भर घालते.

सर्वांत सुरक्षित लिंक म्हणजे न दाबलेली लिंक. पोस्टमधली वस्तू पाहा, मग दुकानाचं ॲप स्वतः उघडून ती तिथे शोधा. किंमत तिथे तीच दिसली तर डील खरी. दिसली नाही तर जवळपास नक्कीच ती डील नाही. कूपनचा कोड असेल तर तो हाताने टाइप करा.

लिंक उघडायचीच असेल तर पत्ता वाचायला शिकावं लागतं. सुरुवातीच्या दोन तिरक्या रेघांनंतर जी पहिली एकटी तिरकी रेघ येते तिथे थांबा आणि तिथून डावीकडे वाचत जा. टिंबांनी तोडलेले शेवटचे दोन तुकडे म्हणजे साइटचा खरा मालक. ‘मोठंदुकान.कॉम.आजची-ऑफर.शॉप/सेल’ असा पत्ता असेल तर ते मोठंदुकान नव्हे, ‘आजची-ऑफर.शॉप’ आहे. (‘को.यूके’सारखी जोडशेपटी असेल तर शेवटचे तीन तुकडे धरा.) लहान इंग्रजी एल आणि मोठा आय, शून्य आणि ओ, आर-एन जोडून दिसणारा एम, या अदलाबदली छोट्या पडद्यावर डोळ्यांना कळत नाहीत. पासवर्ड साठवून आपोआप भरणारा पासवर्ड मॅनेजर मात्र फसत नाही: पत्ता एका अक्षराने वेगळा असला तरी तो पासवर्ड भरत नाही. एरवी आपोआप भरला जाणारा पासवर्ड आज रिकामा राहिला, तर हाताने टाकू नका. आधी पत्ता पाहा.

इथे एक अडचण येते. फेसबुक आणि इन्स्टाग्राम लिंक स्वतःच्या आतल्या ब्राउझरमध्ये उघडतात. तिथे पत्त्याची पट्टी आखूड असते. तीन ठिपक्यांच्या मेनूतून ‘बाहेरच्या ब्राउझरमध्ये उघडा’ निवडा आणि मगच पत्ता वाचा.

जाहिरातीतून आलेल्या अनोळखी दुकानाची तपासणी पाच मिनिटांत होते:

फेसबुक पेजवर ‘पेज ट्रान्सपरन्सी’ उघडा. पेज कधी तयार झालं आणि नाव किती वेळा बदललं ते दिसतं. कालपर्यंत विनोदांचं पेज होतं आणि आज बुटांचं दुकान आहे, हा प्रकार इथे उघडा पडतो. इन्स्टाग्रामवर हेच ‘अबाउट धिस अकाउंट’मध्ये मिळतं.

मेटाची (फेसबुक-इन्स्टाग्रामची मालक कंपनी) ‘ॲड लायब्ररी’ कोणालाही उघडता येते, खातं नसलं तरी. ज्या ब्रँडची जाहिरात वाटते त्याचं नाव तिथे टाका. ती जाहिरात ब्रँडच्या स्वतःच्या पेजवरून चालू आहे की सारख्या नावाच्या दुसऱ्याच पेजवरून, हे लगेच दिसतं. ही सोय फार थोडे लोक वापरतात, म्हणून मुद्दाम सांगते आहे.

साइट कधी नोंदवली गेली हे आयकॅनच्या (साइटच्या नावांचा कारभार पाहणारी संस्था) लुकअप पानावर कळतं. ‘२५ वर्षांची परंपरा’ आणि नोंदणी तीन आठवड्यांपूर्वीची, हे जुळत नाही. वस्तूचा फोटो गूगल लेन्स किंवा टिनआय या फोटोवरून शोधणाऱ्या सेवेत टाका. तोच फोटो दहा वेगवेगळ्या नावांच्या दुकानांत सापडला तर वस्तू त्यांच्यापैकी कोणाकडेच नसण्याची शक्यता मोठी.

शेवटचा मुद्दा पैसे देण्याचा. ज्या विक्रेत्याला फक्त थेट खात्यात पैसे हवेत, कार्ड नको, त्याच्याकडून घेऊ नका. कार्डाने दिलेल्या पैशांवर बँकेकडे वाद नोंदवता येतो. स्वतःहून पाठवलेले पैसे परत खेचायची तशी सोय बहुधा नसते.

चौकस

दोघांचेही आभार. एक शंका. निळी टिक असलेलं खातं खरं, एवढं तरी गृहीत धरता येतं ना? ग्राहक सेवेच्या खात्यांबद्दल विशेषतः विचारतो आहे.

टेबलापलीकडे

नाही, गृहीत धरू नका. ट्विटरने २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये पैसे भरणाऱ्याला निळी टिक द्यायला सुरुवात केली आणि ओळख पडताळून दिलेल्या जुन्या टिक २०२३ च्या एप्रिलमध्ये काढून टाकल्या. आता एक्सवर निळी टिक म्हणजे बहुधा वर्गणी भरलेली आहे, एवढंच. कंपन्यांसाठी सोनेरी टिक असते आणि त्या खात्याचा फोटो गोल नसून चौकोनी असतो. सरकारी खात्यांना राखाडी. मोठ्या कंपनीच्या सपोर्ट खात्याला अनेकदा नावाशेजारी मूळ कंपनीचा छोटा लोगो जोडलेला असतो. तो दाबला की मूळ खात्यावर जाता येतं. मेटानेही २०२३ मध्ये वर्गणीची टिक आणली. टिकच्या आकाराचा इमोजी नावातच लिहिलेला, किंवा प्रोफाइल फोटोच्या कोपऱ्यात टिक रंगवलेली, हेही चालतं. आणि सोनेरी टिकची खातीसुद्धा चोरीला जातात. म्हणून टिक हा पुरावा नव्हे.

खरं हँडल (खात्याचं @ ने सुरू होणारं नाव) शोधायचा मार्ग एकच: कंपनीच्या साइटवर जा, अगदी तळाशी सोशल मीडियाची चिन्हं असतात, ती दाबा. किंवा ऑर्डरच्या मेलमधून साइटवर जा आणि तिथून. एक्सच्या शोधपट्टीत नाव टाकून, किंवा गूगलवर ‘अमुक कंपनी कस्टमर केअर’ शोधून मिळालेलं खातं वा नंबर वापरू नका. बनावट खाती नेमकी तिथेच गळ टाकून बसलेली असतात. ती ‘रिफंड मिळाला नाही’, ‘खातं बंद झालं’ असे शब्द सतत शोधत राहतात आणि खऱ्या कंपनीच्या आधी उत्तर देतात. इतकं तत्पर उत्तर, वर व्हॉट्सॲप नंबर, वर गूगल फॉर्म, यातलं काहीही आलं की ते खातं खोटं धरा. खरा कर्मचारी ओटीपी, पिन, कार्डामागचे तीन अंक मागत नाही, एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअर (दुसऱ्याला तुमचा फोन दुरून पाहू-चालवू देणारी ॲप) डाउनलोड करायला सांगत नाही, आणि रिफंड देण्यासाठी तुमच्याकडून आधी पैसे मागत नाही.

नियम असा ठेवा: डीएम तुम्ही सुरू करायचा. साइटच्या तळाशी सापडलेल्या खात्याच्या पानावर जाऊन ‘मेसेज’ दाबायचा. तुमच्या इनबॉक्समध्ये कोणी आपण होऊन आला तर तो कोणीही असो, त्याला उत्तर द्यायचं नाही.

आता पोस्टबद्दल. रागाची पोस्ट लोक वाचतात, पण टेबलापलीकडे बसलेल्या कंपनीच्या माणसाला तिच्यातून काही हाती लागत नाही. त्याला वस्तू, तारखा, काय बिघडलं, आधी काय केलं आणि काय हवंय, एवढं लागतं. उदाहरणार्थ:

‘१२ तारखेला मागवलेला हेडफोन १७ ला आला, डावी बाजू बंद आहे. त्याच दिवशी ॲपवर तक्रार केली, क्र. …४४०२. चार दिवस उत्तर नाही. वस्तू बदलून हवी आहे, रिफंड नको. पूर्ण तपशील डीएममध्ये पाठवले आहेत.’ आणि शेवटी कंपनीचं हँडल.

हँडल शेवटी ठेवायला कारण आहे. पोस्टची सुरुवातच हँडलने झाली तर एक्स तिला उत्तर समजतं आणि ती तुमच्या सगळ्या अनुयायांच्या फीडमध्ये जात नाही. लांबीबद्दल: फुकट खात्याला २८० ची मर्यादा आहे आणि देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी, हलन्त हे सगळं वेगळं मोजलं जातं. ‘तक्रार’ हा शब्द डोळ्याला तीन-चार अक्षरांचा दिसतो, मोजणीत सहा भरतो. इमोजीचे दोन आणि लिंक कितीही लांब असो, २३. म्हणून मराठीत लिहिताना विशेषणं आधी काढा, तारखा नको.

‘काय हवंय’ हे वाक्य लोक सर्वांत जास्त विसरतात. ते नसलं की पहिलं उत्तर ‘आम्हाला वाईट वाटतं, आपण काय अपेक्षित करता?’ असं येतं आणि एक दिवस वाया जातो.

पोस्ट केली तरी कंपनीचं उत्तर दिसतच नाही, असंही होतं. तीन कारणं सतत आढळतात. खातं ‘प्रोटेक्टेड’ असेल तर तुमचे अनुयायी सोडून कोणालाच पोस्ट दिसत नाही, टॅग केलेल्या कंपनीलाही नाही. खातं आजच उघडलेलं, फोटो नसलेलं असेल तर उत्तरं ‘आणखी उत्तरं दाखवा’च्या मागे ढकलली जातात. आणि कंपनीचं उत्तर आलेलं असतं, पण ते मेसेज रिक्वेस्टमध्ये पडलेलं असतं. इन्स्टाग्रामवर त्याच्याही आत ‘हिडन रिक्वेस्ट्स’ नावाचा कप्पा आहे. तिथे अवश्य बघा, पण तिथे सापडलेलं खातं साइटच्या तळाशी असलेल्या हँडलशी अक्षर-अक्षर जुळवा.

पुढचं गाडं का अडतं? मोठ्या कंपन्यांत प्रत्येक टॅग एका सॉफ्टवेअरमध्ये केस म्हणून उघडतो. सोशल मीडियाच्या टीमला ऑर्डर पाहता येते, तक्रार पुढे पाठवता येते. रिफंड मंजूर करणं, माल परत उचलणं ही कामं बहुधा दुसऱ्या विभागाची असतात. त्यामुळे ‘लवकर करा’ म्हणून उपयोग होत नाही. विचारायचं असं: केस कोणत्या विभागाकडे आहे, तिचा क्रमांक काय, आणि पुढची हालचाल कोणत्या तारखेपर्यंत होईल. तारीख मिळाली की त्या तारखेच्या दुसऱ्या दिवशी *त्याच* पोस्टखाली उत्तर म्हणून लिहा. दर वेळी नवी पोस्ट टाकली तर नवा माणूस, नवी केस, पुन्हा तेच प्रश्न. एक्स, फेसबुक, इन्स्टाग्राम, मेल अशा चारी बाजूंनी एकदम लिहिणं हे सर्वांत नुकसानीचं. चार केस उघडतात, त्यातली एक ‘डुप्लिकेट’ म्हणून बंद होते आणि बंद होणारी हमखास पुढे गेलेलीच असते. कंपनीच्या प्रमुखाला टॅग केल्याने चमत्कार होतो हा समजही सोडा. बहुतेक वेळा ती पोस्ट फिरून त्याच टीमकडे येते.

कर्मचाऱ्याशी सभ्यपणे बोला. चूक त्याची नसते, आणि तुमची केस पुढे पाठवताना दोन ओळी नीट लिहायच्या की नाही हे त्याच्या हातात असतं.

संध्याप्रहर

वरच्या प्रतिसादात न आलेला एक तांत्रिक मुद्दा, ज्यामुळे ‘कंपनी बोलता बोलता गप्प झाली’ असं वाटतं.

व्हॉट्सॲपच्या व्यावसायिक सेवेत ग्राहकाच्या शेवटच्या मेसेजपासून २४ तासच कंपनीला मोकळेपणाने लिहिता येतं. त्यानंतर फक्त आधी मंजूर करून घेतलेले साचेबंद मेसेज पाठवता येतात. मेसेंजर आणि इन्स्टाग्रामवरही मूळ मर्यादा २४ तासांचीच. माणूस उत्तर देत असेल तर विशेष परवानगीने ती ७ दिवसांपर्यंत जाते. म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी तुम्ही लिहिलंत आणि विभागाचं उत्तर सोमवारी आलं, तर कर्मचाऱ्याकडे उत्तर असूनही लिहिण्याची ही खिडकी (मुदत) बंद झालेली असते. उपाय अगदी छोटा: उत्तर थांबलं की २४ तासांनी ‘केस क्र. …, पुढे काय झालं?’ एवढा एक मेसेज टाका. खिडकी पुन्हा उघडते.

बॉटशी (आपोआप उत्तर देणारा प्रोग्राम) बोलण्याच्या शेवटी ‘आपला प्रश्न सुटला का?’ असं येतं. काम झालं नसेल तर ‘हो’ दाबू नका, ‘बघू’ म्हणूनही नको. अनेक ठिकाणी त्या एका ‘हो’ने केस बंद होते आणि पुन्हा उघडायला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

चॅट व्हॉट्सॲपवर असेल तर आपोआप पुसले जाणारे मेसेज बंद आहेत ना ते पाहा आणि काम होईपर्यंत मधूनमधून ‘एक्स्पोर्ट चॅट’ करून ठेवा. साइटवरच्या चॅटची खिडकी बंद केली की संभाषण जातं, म्हणून तिथे बंद करण्याआधी ‘संभाषण मेलवर पाठवा’ असा पर्याय शोधा, नसेल तर स्क्रीनशॉट.

आणि सवलतीच्या ग्रुपबद्दल जाता जाता: व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये तुमचा नंबर सगळ्यांना दिसतो, चॅनेलमध्ये इतर अनुयायांना दिसत नाही. दोन्ही उपलब्ध असतील तर चॅनेल घ्या.

तळटीप

टेबलापलीकडे यांचा प्रतिसाद उत्तम आहे, पण एका गोष्टीशी असहमत. तक्रार क्रमांकाचे शेवटचे चार अंकही सार्वजनिक पोस्टमध्ये नकोत. बनावट खातं तेच उचलून ‘सर, तुमची …४४०२ तक्रार आमच्यासमोर आहे’ असं लिहितं आणि माणसाचा विश्वास बसतो. अंक फक्त कंपनीला माहीत असतात अशी आपली समजूत असते, म्हणून हा डाव चालतो.

फोटोंबद्दलही काळजी घ्यावी लागते. खोक्यावरचं लेबल झाकताना नाव-पत्ता झाकला जातो आणि बारकोड, क्यूआर कोड उघडे राहतात. फोटो स्पष्ट असेल तर कोणत्याही फोनने ते वाचता येतात. त्यात निदान पार्सलचा क्रमांक असतोच. झाकायला फोनमधला हायलायटर किंवा ब्रश वापरू नका. त्याची शाई थोडी पारदर्शक असते, फोटो उजळ केला की खालची अक्षरं दिसू लागतात. पूर्ण अपारदर्शक चौकोन टाका. धूसर करणंही पुरेसं नाही.

कापलेल्या स्क्रीनशॉटबद्दल जुनी पण लक्षात ठेवण्याजोगी घटना: २०२३ च्या मार्चमध्ये गूगल पिक्सेल फोनच्या मार्कअप या चित्र कापायच्या साधनात एक दोष उघड झाला. कापून टाकलेला भाग फाइलमध्येच उरत होता आणि परत मिळवता येत होता. विंडोजच्या स्निपिंग साधनातही तसाच प्रकार सापडला. दोन्हींची दुरुस्ती झाली, पण त्याआधी पाठवलेल्या फाइल तशाच राहिल्या. म्हणून झाकलेल्या चित्राचा पुन्हा एक स्क्रीनशॉट घेऊन तो पाठवावा. त्यात मूळ फाइलमधलं काहीच शिल्लक राहत नाही. मेलने मूळ फोटो पाठवला तर त्यात जागेची नोंदही जाऊ शकते.

पुरावा म्हणून व्हिडिओ करायचा तर पार्सल बंद असल्यापासून सलग, मध्ये न थांबवता: आधी लेबल, मग सहाही बाजू, मग उघडणं, वस्तूचा अनुक्रमांक आणि शेवटी दोष. मध्ये एक कट असला की ‘वस्तू बदलली असेल’ म्हणायला जागा राहते. ऑफरच्या पानाचा, अटींसकट, स्क्रीनशॉट ऑर्डर देण्याच्या *आधी* काढा. सेल संपला की ते पान जातं आणि अटी काय होत्या यावर वाद सुरू होतो.

टेबलापलीकडे

तळटीप, मान्य. केस जोडायला डीएममधला पूर्ण क्रमांक पुरतो. वरच्या नमुन्यातून ‘क्र. …४४०२’ काढून टाका, तारखा ठेवा. तेवढी अक्षरंही वाचतील.

चौकस

फार उपयोगी. शेवटचा प्रश्न: बनावट सपोर्ट खात्याला कार्डाचे तपशील किंवा ओटीपी देऊन झाला असेल, किंवा त्याने सांगितलेलं ॲप फोनमध्ये घेतलं असेल, तर कोणत्या क्रमाने काय करावं?

निळी पेन्सिल

क्रम महत्त्वाचा आहे, तो चुकवू नका.

ॲप घेतलं असेल तर सर्वांत आधी फोनचं वायफाय आणि मोबाइल डेटा दोन्ही बंद करा. समोरच्याच्या हातातला पडदा तिथेच तुटतो. ॲप काढण्यात वेळ घालवू नका, ते नंतर.

लगेच दुसऱ्या फोनवरून बँकेला फोन लावा. नंबर कार्डाच्या मागे छापलेला घ्या, शोधून मिळालेला नाही. कार्ड आणि नेटबँकिंग दोन्ही थांबवायला सांगा, नोंद क्रमांक आणि वेळ लिहून घ्या. पैसे गेले असोत वा नसोत, हा फोन करायचाच. तपशील हाती आल्यावर काही तासांनी व्यवहार करणारेही असतात.

मग ॲप काढा. अँड्रॉइडवर सेटिंगमधल्या ‘ॲक्सेसिबिलिटी’त आणि ‘डिव्हाइस ॲडमिन’मध्ये अनोळखी नाव आहे का ते पाहा. तिथली परवानगी काढल्याशिवाय काही ॲप निघतच नाहीत. त्यानंतर दुसऱ्या, स्वच्छ उपकरणावरून मेलचा पासवर्ड आधी बदला, कारण बाकी सगळे पासवर्ड मेलमधूनच बदलता येतात. ‘सगळ्या उपकरणांवरून लॉग आउट’ करा. मेलमध्ये आपोआप पुढे पाठवण्याचा नियम कोणी लावून ठेवलाय का तेही तपासा. ही जागा हमखास राहून जाते.

त्या खात्याची तक्रार करण्याआधी त्याचे स्क्रीनशॉट घ्या: नाव नव्हे, हँडल आणि पानाचा पत्ता. दाखवायचं नाव क्षणात बदलतं आणि तक्रार केल्यावर खातं गायब झालं तर तुमच्याकडे काहीच उरत नाही. तक्रारीचं कारण ‘स्पॅम’ निवडू नका, ‘दुसऱ्याच्या नावाने वावरणं’ निवडा. खऱ्या कंपनीलाही तो पत्ता कळवा, कारण ज्याच्या नावाचा वापर होतो त्याला थेट तक्रार करता येते. मग पोलिसांच्या सायबर विभागात बँकेच्या नोंद क्रमांकासह तक्रार द्या.

पुढच्या काही दिवसांत ‘तुमचे गेलेले पैसे परत मिळवून देतो’ म्हणणारी माणसं येतील, कधी बँकेच्या, कधी पोलिसांच्या नावाने. फसलेल्यांची यादी विकली जाते आणि हे त्याच यादीवरून येतात. ते आधी थोडं शुल्क मागतात. त्यांना उत्तर देऊ नका, ब्लॉक करा आणि बँकेच्या त्याच नोंद क्रमांकाखाली तेही कळवा.